दोन फुटांचा रीफ टँक: मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरुवात

दहा-पंधरा वर्षांपूर्वी रीफची, म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे असलेली, खाऱ्या पाण्याची टाकी चालवली आणि मग बदली, नवं घर, लहान मूल या गडबडीत ती मोडली, अशा घरांत माळ्यावर सहसा एक खोकं सापडतं. मेटल हॅलाइड या जुन्या प्रखर दिव्याचा जडशीळ बॅलास्ट, दगड झालेली मिठाची पिशवी, फिल्टरमधले बायोबॉल, दोन-तीन पंप आणि तळाशी कुठेतरी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. पुन्हा सुरुवात करताना पहिला मोह होतो तो हे सगळं वापरात आणायचा. तो थोडा आवरा.

रिफ्रॅक्टोमीटर ठेवा. बाकी बरंचसं भंगारात जाईल. दगड झालेलं मीठ ओल खाऊन बसलेलं असतं. त्यातला काही भाग पाण्यात विरघळतच नाही आणि पाणी दुधाळ राहतं. टेस्ट किटच्या बाटल्यांची मुदत कधीच संपलेली असते. जुना हीटर वापरूच नका, त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर एका रात्रीत टाकी शिजते. पंपाचा रोटर बाहेर काढून चुंबकाभोवतीचं प्लास्टिक नखाने तपासा. बारीकशी चीर किंवा गंजाचा डाग दिसला तर तो पंप गेला, कारण तो गंज पाण्यात उतरत राहतो. जुन्या टाकीत माशांना कधी तांब्याचं औषध दिलं असेल, तर त्यातला खडक आणि वाळू रीफसाठी बाद. खडक तांबं धरून ठेवतो आणि गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना त्याचा अंशही चालत नाही.

पाण्याचं रसायनशास्त्र तेच आहे. बदललं आहे ते दोन ठिकाणी. पूर्वी समुद्रातला जिवंत खडक मिळायचा आणि त्यासोबत जिवाणू, किडे, शैवाल असं तयार बिऱ्हाड टाकीत यायचं. आता कोरडा खडक घ्यावा लागतो आणि तो अगदी ओसाड असतो. दुसरं म्हणजे खाद्य आणि विष्ठेतून पाण्यात साठणारे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा जुना हट्ट आज उलटा पडतो. तो का, ते पुढे येईल. आणि न बदललेली गोष्ट ही, की आपल्याकडे रीफ टाकी बहुतेक वेळा उन्हाळ्यात किंवा वीज गेल्यावर मरते. म्हणून इथे दिव्याला थोड्या ओळी आहेत आणि बाष्पीभवनाला बऱ्याच.

आधी कायदा

भारतात सगळी दगडी प्रवाळं, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. समुद्री घोडा, समुद्री काकडी आणि महाशिंपल्याच्या काही जातीही त्यात येतात. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलून आणणंही याच कक्षेत येतं. मालवण, तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना पायाशी दिसणारा पांढरा तुकडा तिथेच राहू द्या. मालवणचा तो पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीची अट आणली आहे. तेव्हा दुकानदाराकडून आयातीचे किंवा पैदाशीचे कागद मागून घ्या. ‘सगळे ठेवतात हो’ हा कागद नव्हे.

या मार्गदर्शकात म्हणून मऊ प्रवाळं, मश्रूम (चकतीसारखे) आणि झोआंथिड (छोट्या फुलांच्या झुबक्यासारखे) यांचीच टाकी धरली आहे. योगायोगाने नवख्याला आणि परतलेल्यालाही हीच सगळ्यात जास्त माफ करतात.

टाकी आणि जागा

बाहेरून ६० × ४५ × ४० सेंटिमीटर, ८ मिलिमीटर काच, कडा पॉलिश केलेल्या. मागे १० सेंटिमीटरचा कप्पा काचेच्या पडद्याने वेगळा करून घ्यायचा. खाली वेगळा सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, नको, तळाला भोक नको. वीज गेली तर पाणी जिथे आहे तिथेच थांबतं, खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून ठिबकत नाही. पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंत भरलं, खडक-वाळूची जागा वजा केली, की हातात साधारण ८० लिटर पाणी उरतं. पुढची सगळी मापं याच ८० लिटरवर आहेत.

मागच्या कप्प्याचे तीन भाग करा. पहिल्यात पाणी पडद्याच्या कंगव्यासारख्या फटींतून आत येतं आणि घाण अडवणाऱ्या फिल्टर वूलमधून जातं. दुसऱ्यात पाण्यातली रसायनं शोषणाऱ्या कार्बनची पिशवी आणि हीटर. तिसऱ्यात पाणी टाकीत परत ढकलणारा रिटर्न पंप. हा तिसरा भाग कारागीर सवयीने चिंचोळा करतो, कारण त्याला पंप मावला की काम झालं असं वाटतं. तिथे अडून बसा. बाष्पीभवनाने कमी होणारं सगळं पाणी याच एका भागात दिसतं. तो १५ × १० सेंटिमीटर असेल तर एक लिटर पाणी उडालं की पातळी साडेसहा सेंटिमीटरहून जास्त उतरते आणि संध्याकाळपर्यंत पंप हवा ओढू लागतो. निदान २० × १० करून घ्या. कंगव्याच्या फटी ६ मिलिमीटरहून रुंद नकोत, नाहीतर लहान गोबी मागे जाऊन बसतात.

सिलिकॉन बुरशीविरोधी रसायन नसलेलं हवं. बाथरूमसाठी मिळतं ते नाही. जोडल्यावर आठवडाभर सुकू द्या, मग साध्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवा. गळती सुरू झाली की कागद लगेच सांगतो.

भरलेली टाकी आणि स्टँड मिळून दीडशे किलोच्या घरात जातं. भिंतीलगत, शक्यतो बीमच्या बाजूला ठेवा. पाणसळ लावून चारही बाजू बघा आणि टाकीखाली ५-६ मिलिमीटरचा फोम अंथरा. लाकडी स्टँड असेल तर मरीन प्लायच हवा. साधा एमडीएफ पहिल्या पावसाळ्यातच फुगतो. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा.

विजेचा बोर्ड टाकीच्या पातळीच्या वर, भिंतीवर. खाली ठेवायचाच असेल तर प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर टाकी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी आणि ओला हात यांना दुसरी संधी नसते.

उपकरणं

रिटर्न पंप ताशी ६०० ते ८०० लिटरचा, डीसी असेल तर उत्तम. टाकीत पाणी हलतं ठेवणारा एक वेव्हमेकर, ताशी २००० ते ३००० लिटर, वेग कमीजास्त होणारा. तो एका कोपऱ्यात लावून धार समोरच्या काचेवर आदळू द्या. थेट प्रवाळावर मारली तर मांस सोलवटतं. रीफसाठीचा एलईडी एकच पुरतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (प्रकाशाचं माप) इतका प्रकाश लागतो, म्हणून सुरुवात ३०-४० टक्क्यांवर, दिवसाला आठ तास, निळा जास्त आणि पांढरा कमी. मेटल हॅलाइडच्या सवयीने सगळे चॅनल शंभरावर नेले की आठवड्याभरात मश्रूम पांढरे पडून आक्रसतात.

फेसासोबत घाण बाहेर काढणारा स्किमर या आकाराला लागत नाही. दर आठवड्याला ८ लिटर पाणी बदललं की त्याचं काम भागतं.

हीटर मुंबईत जवळजवळ शोभेपुरता. पुणे, नाशिक, कोल्हापूरला डिसेंबर-जानेवारीत मात्र १०० वॉटचा हवाच, आणि तो वेगळ्या तापमान नियंत्रकावर लावायचा. नियंत्रक २६ वर, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर. एक चिकटला तर दुसरा तोडतो.

पाणी

नळाचं पाणी गोड्या माशांना चालतं, रीफला नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर शून्य दाखवेल असं आरओ-डीआय, म्हणजे आरओनंतर रेझिनमधून शुद्ध केलेलं, पाणी लागतं. घरात पिण्याचा आरओ असतोच, पण त्याच्या तोटीतून येणाऱ्या पाण्यात मुद्दाम क्षार परत मिसळलेले असतात: कुठे मिनरल कार्ट्रिज असतं, कुठे टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी सोडतो. म्हणून मेंब्रेननंतर आणि या दोन्हींच्या आधी एक टी-जोड बसवून नळी काढा आणि ती रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनच्या डब्यातून न्या. चालू केल्यावर पहिले एक-दोन लिटर बादलीत सोडून द्या, ते लादी पुसायला चालतं. रेझिनचा रंग तीन चतुर्थांश बदलला की नवं भरा. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत रेझिन भराभर संपतं. तिथे आधी मेंब्रेन तपासा.

किनाऱ्यावरून पाणी भरून आणायचा विचारही नको. मुंबईजवळचा समुद्र गढूळ, त्यात सांडपाणी, आणि पावसाळ्यात खारेपणाही घसरलेला.

मीठ रीफसाठीचंच घ्या. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) खारेपणासाठी लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ८० लिटरला सुमारे तीन किलो. आधी २.८ किलो टाका, विरघळल्यावर मोजा, मग उरलेलं. क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, त्यात चालू पंप, मग मूठ-मूठ मीठ. मिठावर पाणी ओतलं की तळाशी तीव्र द्रावण तयार होतं, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या सायीसारखं खाली बसतं आणि परत विरघळत नाही. मग अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल रोखायची क्षमता) कमी का, म्हणून लोक हैराण होतात. २४ तास पंप फिरू द्या. पहिल्या भरणीला हे मिश्रण टाकीतच करता येतं. नंतर नेहमी वेगळ्या खाद्यदर्जाच्या ड्रममध्ये.

रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणला तरी ३५ ला चुकू शकतो. घरच्या घरी तपासणीचं द्रावण बनवता येतं. सोनाराच्या छोट्या वजनकाट्यावर ३.६५ ग्रॅम खाण्याचं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाणी घ्या. या द्रावणातून प्रकाश जेवढा वळतो, तेवढाच ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यातून वळतो. थेंब टाका, मिनिटभर थांबा, स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणा. हे द्रावण फक्त मोजायला. टाकीत घरचं मीठ जाता कामा नये.

खडक आणि वाळू

कोरडा खडक ७ ते ८ किलो. सच्छिद्र, हाताला हलका लागणारा. सुकवलेल्या जुन्या खडकात वाळलेलं मांस आणि फॉस्फेट असतं, म्हणून तो आधी ब्लीचमध्ये ठेवतात: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दोन दिवस, उघड्या गॅलरीत. मग धुऊन आठवडाभर उन्हात. ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड पडू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. त्यानंतर मिठाच्या पाण्यात दोन आठवडे पंप चालू ठेवून फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) खूप वर असेल तर पाणी बदलत राहा.

रचना करताना खडक काचेपासून चार बोटं लांब हवा, नाहीतर काच पुसायचा मॅग्नेट फिरत नाही. तुकडे इपॉक्सी पुट्टी किंवा सुपरग्लू जेलने जोडा. आधी खडक थेट तळकाचेवर बसवा, मग वाळू. वाळूवर ठेवलेला खडक गोबीने खाली उकरलं की कलंडतो. एक छोटा तुकडा मुद्दाम बाजूला, बेटासारखा सुटा ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

वाळू ॲरागोनाइटची, १ ते २ मिलिमीटर दाण्याची, ८ किलो. तीन सेंटिमीटरचा थर होतो, तेवढा बस. पूर्वीचा चार-पाच इंचांचा खोल थर या आकाराला नको. कोकणच्या पुळणीवरची वाळू आणू नका. रत्नागिरी भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं असतात, आणि चुंबकाकडे ओढले जाणारे असे कण पंपाच्या रोटरला जाऊन चिकटतात. वर किनाऱ्याची घाण ती वेगळीच.

टाकी पिकवणं

टाकी पिकवणं म्हणजे विषारी अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू तिच्यात वाढवणं. त्यासाठी कोळंबीचा तुकडा कुजवत ठेवायची जुनी पद्धत चालते, पण घरभर वास आणि पाण्यात फॉस्फेट. त्यापेक्षा अमोनिया मोजून द्या. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड अर्धा ग्रॅम घेतलं की ८० लिटरमध्ये अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. हाच नवसागर, पण बाजारात कल्हईवाल्यांसाठी मिळतो तो अशुद्ध, तो नको.

पाणी २७-२८ अंशांवर, दिवे बंद, पंप चालू. नायट्रिफाय करणाऱ्या जिवाणूंची बाटली पूर्ण ओता आणि सोबत चिमूटभर माशांचं खाद्य टाका. अगदी कोऱ्या पाण्यात फॉस्फेट नसल्यामुळेही हे जिवाणू अडून बसतात. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड अमोनिया मोजा. शून्याजवळ आला की पुन्हा अर्धा ग्रॅम. दिलेला डोस २४ तासांत संपू लागला, की टाकी माशांसाठी तयार. याला दोन ते चार आठवडे लागतात.

दहा दिवसांनंतरही अमोनिया हलला नसेल तर बहुधा बाटलीतले जिवाणू आधीच मेलेले होते. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेली बाटली म्हणजे निव्वळ तपकिरी पाणी. थंडीत मागवा, किंवा दुकानातून हातोहात आणा.

या काळात नायट्रेटचे आकडे मनावर घेऊ नका. पाण्यात नायट्राइट असताना किट नायट्रेट अवाच्या सवा दाखवतं. शेवटी २५-३० टक्के पाणी बदला आणि मग मोजा.

उष्णता, बाष्पीभवन, वीज

लक्ष्य २६ ते २७ अंश. २८ पर्यंत मऊ प्रवाळं कुरकुर न करता राहतात. ३० च्या वर पाण्यात प्राणवायू कमी, माशांचा श्वास जलद, आणि प्रवाळं आपल्या आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरी पडतात. पंप आणि दिवे यामुळे टाकीतलं पाणी खोलीपेक्षा एक-दोन अंश गरमच असतं, म्हणजे मुंबईतल्या मे महिन्याचं गणित सरळ आहे.

स्वस्त उपाय पंख्याचा. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके मारले की बाष्पीभवन वाढतं. दिवसाला २ लिटर पाणी उडालं तर त्याने सुमारे ५५ वॉट उष्णता सतत बाहेर नेली असं होतं. पंप आणि मंद चालवलेला एलईडी मिळून जवळपास तेवढीच आत टाकतात. पुण्यात, नाशकात कोरड्या उन्हाळ्यात पंखे पाणी दोन-तीन अंश सहज खाली आणतात. मुंबईत, आणि जूनमध्ये तर सगळ्याच कोकणपट्टीत, हवा आधीच ओलीचिंब असते. तिथे पंखा नुसता फिरतो. अशा घरात चिलर घ्यावा लागतो, १/१० अश्वशक्तीचा पुरतो. तो बंद कपाटात ठेवू नका. टाकीतून काढलेली उष्णता तो त्याच कपाटात सोडतो आणि मग स्वतःशीच झगडत बसतो. रात्री एसी, दिवसा बंद, हा पर्याय सगळ्यात वाईट: रोज चार-पाच अंशांचा हेलकावा.

आता उडालेल्या पाण्याकडे. मीठ उडत नाही. ८० मधले २ लिटर गेले की ३५ चं ३५.९ होतं, दुसऱ्या दिवशी त्याहून वर. म्हणून भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची, आणि ती आपोआप. ऑटो टॉप-अपचा सेन्सर तिसऱ्या कप्प्यात बसवा, वर सुरक्षेचा दुसरा फ्लोट असेल असाच संच घ्या. आणि साठवणीचं भांडं १० लिटरच्या वर नको. कधीतरी सेन्सरवर गोगलगाय बसणार आणि पंप थांबणार नाही. तेव्हा १० लिटर गोडं पाणी आत गेलं तरी खारेपणा ३१ च्या आसपास थांबतो. मासे, प्रवाळं त्यातून निभावतात. तिथे २५ लिटरचा कॅन असता तर निभावली नसती. टॉप-अपच्या नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा, बुडालं तर सायफन लागतो.

विजेसाठी घरचा इन्व्हर्टर असेल तर रिटर्न पंप आणि वेव्हमेकर त्यावर घ्या. दोन्ही मिळून २५ वॉटच्या आसपास, म्हणजे एका छताच्या पंख्यापेक्षाही कमी. दिवा, हीटर, चिलर त्यावर नको. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात, म्हणून प्युअर साइन वेव्ह किंवा डीसी पंप. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून टाकीशेजारीच लटकवून ठेवा. दोन-तीन तास हालचाल थांबली तर काही होत नाही. रात्रभराची गोष्ट वेगळी.

पहिले सहा महिने: तपकिरी, हिरवं, आणि धाग्यांचं

दिवे लागले की तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धूळ येते. हे डायटम, एक सूक्ष्म शैवाल. काही करू नका, आपोआप जाते. मग खडकावर हिरवे केस येतात. हाताने उपटा, गोगलगायी सोडा. लाल-जांभळी साय चादरीसारखी सोलून निघत असेल तर ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तिथे प्रवाह वाढवा आणि ती चादर नळीने ओढून घ्या.

खरा त्रास डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डायनो, या सूक्ष्म जीवांचा. तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री नाहीसे होतात, दिवा लागल्यावर दोन-तीन तासांत परत. डायटमशी गल्लत होते, म्हणून ही चाचणी करा: ड्रॉपरने तो शेंबूड थोड्या पाण्यासह बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा गोळे-धागे जमले तर डायनो.

ते येतात कारण टाकी ‘फार स्वच्छ’ झालेली असते. कोऱ्या खडकावर अजून कुणी वस्ती केलेली नाही, आणि आपण फॉस्फेट रिमूव्हर टाकून, खाद्य तोडून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलं. मग उरलेल्या रिकाम्या जागेत हेच फोफावतात. जुन्या सवयीने लोक आणखी पाणी बदलतात आणि प्रकरण चिघळतं. उलट करा. पाणी बदलणं दोन-तीन आठवडे थांबवा, फॉस्फेट काढणारं माध्यम बाहेर, खाद्य थोडं वाढवा, नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणून ठेवा. कार्बन चालू राहू द्या, कारण काही डायनो विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर छोटा यूव्ही दिव्याचा फिल्टर उपयोगी पडतो. वाळूतच राहणाऱ्या जातींवर त्याचा परिणाम नाही.

रहिवासी

अमोनियाच्या चाचणीत टाकी पास झाली की आधी पाच-सहा गोगलगायी. किनाऱ्यावरच्या खडकांवर दिसणाऱ्या नेराइट काच छान पुसतात, पण रात्री चढून बाहेर पडतात. सकाळी जमिनीवर एक नजर टाका.

मासे या पाण्यात तीन, फार तर चार छोटे. ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी आणि एखादी गोबी किंवा फायरफिश. फायरफिश उडी मारते, तेव्हा वर जाळी हवी. क्लाउन पैदाशीतलेच घ्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही. टँग जातीची मासळी, कितीही गोजिरवाणी दिसली, तरी दोन फुटांत नको.

प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या २०-३० लिटरच्या टबात, पिकवलेल्या स्पंज फिल्टरवर. अनेक दुकानांत खारेपणा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दुकानातच मोजून घ्या आणि टबाचं पाणी तेवढंच ठेवून मग रोज थोडं थोडं वाढवत ३५ वर न्या. लांबून कुरिअरने आलेल्या पिशवीत तासभर टबाचं पाणी थेंबथेंब सोडत बसू नका. पिशवी बंद असताना कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पंधरा मिनिटं पिशवी तरंगवून तापमान जुळवा, उघडा, मासा उचला, पिशवीतलं पाणी मोरीत.

प्रवाळं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, एका वेळी एक-दोन. मश्रूम खाली सावलीत, झोआ (झोआंथिड) मध्यावर, लेदर (चामड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ) वर. लेदर अधूनमधून चार-पाच दिवस मिटून मेणकट कात टाकतं. मेलं समजून उपटू नका, वेव्हमेकर थोडा त्याच्याकडे वळवा. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप ही मऊ प्रवाळं गवतासारखी पसरतात. मघाशी बाजूला ठेवलेलं बेट त्यांच्यासाठी. लेदर पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायनं सोडतं, म्हणून ५०-६० ग्रॅम कार्बन दर तीन-चार आठवड्यांनी नवं.

आणलेला प्रत्येक तुकडा कोरल डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बुडवा, बुडाशी टॉर्च मारून बघा, आणि जमलं तर तो ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग काढून टाका. आयप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल बहुतेक वेळा प्लगवरूनच येतं.

झोआ आणि त्यांचेच भाईबंद पॅलिथोआ यांत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. कापताना हातमोजे, चष्मा; हाताला जखम असेल तर टाकीत हात नको. आणि कुठलाही प्रवाळ लागलेला खडक ‘साफ करायला’ कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून हे विष श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोहोचल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत.

दर आठवड्याचं काम

८ लिटर पाणी बदला, फिल्टर वूल दोन-तीन दिवसांनी. मोजायचं ते एवढंच: खारेपणा ३५, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट, फॉस्फेट. कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३५० पीपीएमच्या आसपास महिन्यातून एकदा. मऊ प्रवाळांच्या टाकीत पाणी बदलूनच हे आकडे राहतात. अल्कलिनिटी घसरली तर ८० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला २.४ ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा आरओ पाण्यात विरघळवून, वेव्हमेकरच्या धारेत हळूहळू. दिवसात १ च्या वर नाही. बेकिंग पावडर वेगळी, धुण्याचा सोडाही वेगळा. पीएच ७.८ ला अडकला तर आधी खिडकी उघडा. बंद एसी फ्लॅटमध्ये माणसांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरलेला असतो.

खाद्य दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल इतकं. गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) गाळणीत वितळवून फक्त मांस टाकायचं, ते पाणी नाही. कोळणीकडची ताजी कोळंबी बारीक चिरून, आधी चांगली गोठवून, आठवड्यातून एकदा चालते. सुका जवळा नको, त्याच्या भुशाने पाणी लगेच बिघडतं.

गणपतीला गावी जाताना

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात नवा मासा, नवं प्रवाळ, नवं उपकरण काहीही नाही. भाद्रपदात हवा दमट असते, बाष्पीभवन कमी, त्यामुळे भरलेलं १० लिटरचं भांडं आठवडाभर सहसा पुरतं. जाण्याआधी तीन दिवस रोज किती उतरतं ते खुणेने पाहून ठेवा. ऑटो फीडरमधले दाणे या हवेत गोळा होऊन अडकतात. त्यापेक्षा शेजारच्या काकूंकडे दोन पुड्या द्या, प्रत्येकीवर वार लिहून, आणि उरलेला डबा कपाटात कुलूपबंद; मासे आशेने काचेशी आले की कुणाचाही हात सैल सुटतो. तिसऱ्या कप्प्याच्या काचेवर पातळीची लाल पट्टी चिकटवा. पाणी पट्टीच्या खाली गेलं तर फोन करायचा, स्वतः काही ओतायचं नाही, एवढंच त्यांना सांगा.

आणि घराला कुलूप लावताना सवयीने मेन स्विच खाली ओढला जातो. टाकीच्या एमसीबीवर आजच चिकटपट्टी लावून ठेवा.